थांबवलेल्या गाडीबद्दल आत्यास खुलासा

तीर्थरूप आत्या यांच्या चरणी,

दंडवत. (दंडवत शब्दशः घ्यावा. दिवसभर लिव्हर ओढून पाठ अशी धरली आहे की एकदा जमिनीवर आडवी झाले की कोणी हात देईपर्यंत मी तशीच तुमच्या चरणी असते.) डोळा कसा आहे? पाणी येणं थांबलं का? पट्टी काढल्यावर सगळ्यात आधी तुम्हाला शेजारणीच्या भिंतीवरची ओल दिसली आणि तुम्ही ती तिला तिथल्या तिथे दाखवलीत, असं कळलं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं आहे, याबद्दल आमच्या घरात कोणालाही शंका उरलेली नाही. डॉक्टरांनी अजून वाचायला बंदी केली आहे, तेव्हा हे पत्र तुमच्या खाली राहणारे शिंपीकाका वाचून दाखवत असणार. त्यांनाही नमस्कार. (शिंपीकाका, कंसातलंसुद्धा वाचा. वगळलंत तर तुमचा आवाज पुढच्या वाक्याकडे धावतो आणि आत्याला ते लगेच कळतं.)

तुम्ही निरोप पाठवलात की, "ती नक्की करते तरी काय, ते एकदा सविस्तर कळू दे." तेव्हा सविस्तर लिहिते. बाबांचा विषय त्यात येईल. तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात हे मला माहीत आहे, पण तो विषय त्याच्या जागी आला तरच नीट समजेल, म्हणून कृपा करून शिंपीकाकांना पानं उलटायला लावू नका.

मी कामाला होते ते कापडाचं दुकान बंद पडल्यावर घरी बसले होते, तेव्हा रेल्वेत सिग्नल देणारी माणसं हवी आहेत असं कळलं. मी परीक्षा दिली आणि पास झाले, याचं सगळ्यात मोठं दुःख बाबांना झालं. आत्या, तुमचा भाऊ जन्मभर इंजिन चालवत होता. ड्रायव्हरच्या मनात सिग्नलवाल्याबद्दल काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसेल; आम्हाला ते रोज जेवताना ऐकायला मिळायचं. ड्रायव्हरने गाडी वेळेवर आणायची आणि सिग्नलवाल्याने ती गावाबाहेर उभी करून ठेवायची, हा जगाचा क्रम. बाबांच्या मते केबिनमध्ये बसणारा माणूस वर चढताना उशी घेऊनच चढतो. "झोपला असेल," हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं आहे की लहानपणी मला सिग्नलवाला म्हणजे रात्रंदिवस झोपणारा एक प्राणी वाटायचा. आता त्यांच्याच पोटची पोर त्या कळपात निघाली. निवड झाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, बस. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलायचं झालं की ते आईशी बोलायचे. आणि अगदीच नाइलाज झाला तर मला "तुम्ही लोक" म्हणायचे. "तुम्ही लोक मीठ इकडे द्याल का?" मी एकटी होते, पण माझ्यामागे त्यांना सगळं खातं उभं दिसत असावं.

तुमचंही मत आईने मला सांगितलं होतं. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "पोर घाबरट आहे. तिला त्या खोलीत बसवलंत तर घाबरून गाड्या अडवत बसेल." मला वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण ते सोडा.) तुम्ही पूर्ण चुकीचं बोलत नव्हतात, हे पुढे येईलच.

प्रशिक्षणाची शाळा एका जुन्या गोदामात आहे. शिकवणारे मास्तर बारीक, ताठ आणि हसणं ही नियमबाह्य गोष्ट मानणारे. एका केबिनने दुसऱ्या केबिनला घंटेच्या ठोक्यांतून विचारायचं असतं, गाडी पाठवू का? दुसऱ्याने तेच ठोके परत द्यायचे, म्हणजे पाठव. न समजता परत दिले तर गाडी येते आणि मग समजून उपयोग नसतो. मास्तर हे ठोके चमच्याने पेल्यावर वाजवून दाखवत, म्हणून त्यांचं नाव टणटण पडलं. फोनवर आलेला निरोपही जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा असतो. ही सवय अंगात इतकी भिनली की आईने "दूध उतू जातंय" म्हटलं की मी "दूध उतू जातंय, समजलं" असं म्हणून जागेवर उभी राहू लागले. दूध उतू जायचंच.

वर्गात आमच्यात एक पैलवान होता. खरोखरीचा, कुस्त्या सोडून इकडे आलेला, दारातून आत येताना आडवा होऊन येणारा. पहिल्या दिवशी मास्तरांनी त्याला लिव्हर ओढायला सांगितला. पैलवानाने बाह्या सरसावल्या, पाय रोवले आणि असा जोर लावला की भिंतीवरचं घड्याळ हललं. लिव्हर जागचा हलला नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, "सांधा दुसरीकडे लावलेला आहे. तो लिव्हर आता देवालाही येणार नाही." सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, आणि लिव्हर एकमेकांत अडकवलेले असतात, आत्या, एक वाट उघडी असेल तर तिला छेदणारी दुसरी उघडतच नाही, मग तुम्ही कोणीही असा. मग त्यांनी मला आधी सांधा फिरवायला लावला आणि तोच लिव्हर ओढायला सांगितला. पुसायचं फडकं मुठीत धरून (हाताच्या घामाने पोलाद गंजतं, म्हणून फडक्याशिवाय हात लावायचा नाही) मी ओढला आणि तो आला. पैलवानाने माझ्याकडे असं पाहिलं की जेवणाच्या सुट्टीत माझा डबा उचलून ठेवायचं कामसुद्धा त्याने स्वतःकडे घेतलं.

आता एक गंभीर गोष्ट. शाळेत एका लांब टेबलावर छोटे रूळ, छोटे सिग्नल, छोट्या गाड्या मांडल्या आहेत. त्यावर सराव करताना मी एक उतारूंची गाडी उभ्या मालगाडीवर नेऊन घातली. खेळण्यातलीच गाडी, टक् असा आवाज झाला आणि एक डबा कलंडला. वर्ग हसला. मीही हसले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि त्या कलंडलेल्या डब्यावर पांघरला. मग माझ्यासमोर एक खुर्ची ठेवून म्हणाले, "नातेवाईक आले आहेत. त्यांना सांगा काय झालं ते." आणि मेलेल्याची आई म्हणून त्यांनी पैलवानाला त्या खुर्चीवर बसवलं. एवढी मिशी, एवढे खांदे, आणि आई! वर्गाला हसू आवरेना. पैलवानाने मान खाली घातली. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "बाई, माझं पोरगं कुठल्या डब्यात होतं हो?"

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. पैलवानाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, त्याच्या घरात कोणाचं तरी असं झालेलं असावं, मी कधी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांत आलं. मास्तरांनी रुमाल उचलून घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता तुम्हाला लिव्हरला हात लावायला हरकत नाही." बाकीच्यांना ते काहीच बोलले नाहीत.

हे मी घरी आईला सांगत होते. बाबा वर्तमानपत्राआड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशात बघून म्हणाले, "आणि मग तुम्ही लोक वर बसून करता तरी काय? चहा?" मीठ मागणं सोडलं तर हे त्यांचं कित्येक महिन्यांनंतरचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी सांगितलं. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून ऐकलं. तेव्हापासून रोज एक तिरकस प्रश्न यायचा. मुद्दाम उभी करता का? घंटा ऐकू आली नाही तर काय करता? जन्मभर जिच्याखालून गाडी नेली ती खोली आतून कशी असते, हे माझ्या बाबांना ठाऊक नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती, कारण तिला ते नावं ठेवत आले होते. मी स्वयंपाकघरात पेल्यावर ठोक्यांचा सराव करायचे तेव्हा बाहेरच्या खोलीतून एकदा आवाज आला, "चुकलं." बाबा बरोबर होते. ते ऐकून ऐकून पाठ करत होते!

पुढे परीक्षा झाली आणि मला केबिन मिळाली, ती नेमकी आपल्याच स्टेशनाबाहेरची. फलाटावरून गाडी सुटली की केबिनखालच्या शेवटच्या सिग्नलपाशी येते आणि मग मोकळ्या रुळाला लागते. केबिनमध्ये एकटीनेच असायचं. पहिले काही दिवस मला धड झोप लागत नव्हती. डोळा लागला की घंटा वाजायची. उठून बघावं तर आईच्या हातून पेला पडलेला.

आणि आता तुमच्या ऑपरेशनचा दिवस. आत्या, तुम्ही किती घाबरला होतात ते बाबांना माहीत होतं. तुम्ही फोनवर "उगाच येऊ नकोस, तुझी धावपळ होते," असं तीनतीनदा सांगितलंत, तेव्हाच त्यांनी आईला दोघांचे कपडे भरायला सांगितले. धाकटा भाऊ आल्याशिवाय तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. पहाटे उठून ते तयार होऊन बसले होते. गाडी सुटायच्या कितीतरी आधी फलाटावर होते. पुढे मोठ्या स्टेशनात गाडी बदलायची, मधे थोडाच वेळ, पण तेवढा पुरत होता. इंजिनाच्या माणसाने काढलेला हिशेब होता तो.

मी सकाळपासून केबिनमध्ये होते. त्यांच्या गाडीला मी हिरवा दिला. गाडी फलाटावरून हलली. तेवढ्यात समोरून, शेजारच्या रुळावरून, मालगाडी आली आणि खिडकीखालून जायला लागली. प्रत्येक गाडी गेली की खिडकीशी उभं राहून तिच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बघायचा, हा नियम आहे. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली. दिसला नाही, तर मागचे डबे सुटून वाटेत कुठेतरी पडलेले असू शकतात; कदाचित आडवे, शेजारच्या रुळावर. त्याच रुळावर, जिथे आता माझे आईबाबा चालले होते.

दिवा दिसला नाही.

मी बघितलं होतं का नीट? पापणी लवली असेल का? तुमचं वाक्य मला त्याच क्षणी आठवलं, आत्या, घाबरून गाड्या अडवत बसेल. आणि हेही माहीत होतं की ही गाडी थांबली तर पुढची चुकेल, आणि तुम्ही तिकडे वाट बघत बसाल. हे सगळं डोक्यात येऊन गेलं तेव्हा फडकं मुठीत होतं आणि सिग्नल लाल झालेला होता. डोक्याने परवानगी द्यायच्या आधी हाताने काम केलं होतं.

गाडी करकरत बरोबर केबिनखाली थांबली. मी दोन्हीकडच्या केबिनना घंटा दिल्या, मालगाडी पुढे अडवून डबे मोजायला सांगितलं, निरोप परत म्हणवून घेतला, सगळं शाळेतल्यासारखं. मग खाली बघितलं. पुढच्याच डब्याच्या दारात बाबा उभे होते. ड्रायव्हरची जुनी खोड, गाडी थांबली की बाहेर झुकून सिग्नल बघायचा. त्यांनी सिग्नल बघितला, मग घड्याळ, मग वर माझ्या खिडकीकडे. मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही. खालून इंजिनाचा ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, झोपलात का?" (आमच्या घरातलं वाक्य, पण दुसऱ्याच्या तोंडून.)

डब्यात पुढे काय झालं ते मला आईने सांगितलं. (आई सांगताना प्रत्येकाचा वेगळा आवाज काढते आणि सगळे आवाज तिच्यासारखेच येतात, तेवढं समजून घ्यावं.) गाडी हलेना तसे लोक चिडायला लागले. जाड चष्म्याचे एक गृहस्थ म्हणाले, "वर कोणी झोपलेलं असणार. ह्या सिग्नलवाल्यांचं हेच." जन्मभर हेच म्हणत आलेले माझे बाबा दारातून आत आले.

"ती झोपलेली नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"ती घरीसुद्धा झोपत नाही. मी बघतो ना. रात्रभर येरझाऱ्या घालते."

मग बाबांनी उभ्याने सिग्नलचे नियम समजावायला सुरुवात केली. लाल म्हणजे कारण असतं. कारण आपल्याला दिसत नाही म्हणजे ते नसतं असं नाही. वर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते खाली बसलेल्याला दिसत नाही. आई म्हणते, घंटांचे ठोके त्यांनी चष्मेवाल्याच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर वाजवून दाखवले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं करताना त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, असंही ती म्हणते.

शेवटी पुढून निरोप आला. मालगाडीचे डबे मोजले, सगळे जागच्या जागी होते. नुसता दिवा वाटेत निखळून पडला होता. नंतर रूळ तपासणाऱ्याला तो गवतात सापडला, काचेला ओरखडासुद्धा नाही. म्हणजे कोणालाही काहीही होणार नव्हतं. साहेबांनी येऊन "बरोबर केलंत," एवढंच म्हटलं आणि गेले. आमच्या कामात हे असंच असतं, आत्या. बरोबर केलं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून लोक विचारतात, मग थांबवलीत कशाला?

गाडी मी सोडली. पण पुढची गाडी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. दुसरी दुसऱ्या दिवशी. तुम्ही शिंपीकाकांचा हात धरून ऑपरेशनला गेलात, आणि आत जाताना दोनदा मागे वळून बघितलंत असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. (शिंपीकाका, माफ करा, हे मला लिहावंच लागलं.)

संध्याकाळी आईबाबा घरी परत आले. मी दारातच उभी होते. बाबांनी चपला काढल्या आणि तुम्हाला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुमचं काहीतरी रागाचं बोलणं झालं असावं. मग बाबा म्हणाले, "ताई, मला झोप लागली गं. गाडी चुकली." त्यावर तुमचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, आता म्हातारा झालास तू. ते म्हणाले, "हो. झालो."

आत्या, ज्या माणसाने जन्मभरात एक गाडी उशिरा नेली नाही, त्याने हे सांगितलं. मी बाहेर येऊन विचारलं, "असं का सांगितलंत बाबा?" ते म्हणाले, "मग काय, तू गाडी अडवलीस असं सांगू? ताई म्हणाली होती तसंच?" आणि मग जरा वेळाने, आवाज चढवून, "तुम्ही लोक गप्प बसा."

तेव्हापासून ते फोन करतात आणि तुम्ही शिंपीकाकांकरवी निरोप देता, "सांगा, तिला झोप लागली आहे." सकाळी, दुपारी, संध्याकाळी, एकच निरोप. बाबा "बरं, उठली की सांगा," म्हणतात आणि फोन ठेवतात. मला ते बघवत नाही. म्हणून त्यांना न विचारता हे लिहिलं. गाडी मी थांबवली. दिवा दिसला नाही तर पुन्हा थांबवीन, तुम्ही स्वतः तीत असलात तरी. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

डोळ्यात औषध वेळेवर घाला. वाकू नका, जड उचलू नका, आणि शेजारणीच्या भिंती जरा कमी बघा.

तुमची भाची,
सिग्नलवाली

ता. क. माझ्यावर राग धरा असं वर लिहिलं आहे, तो फार दिवस धरू नये ही विनंती. मला तुमची भीती वाटते.

ता. क. दुसरा. खरी विनंती ही की हे पत्र मिळाल्याचं बाबांना कळू देऊ नका. आणि त्यांच्यावर रागावणं एकदम बंदही करू नका, त्यांना लगेच संशय येईल. आधी फोन स्वतः घ्या आणि खरमरीत बोला. नंतर थोडं कमी. मग हळूहळू डोळ्याबद्दल. आईचं म्हणणं, तुमच्या शिव्या खाऊन ते जरा टवटवीत झाले आहेत, तेव्हा थोड्या कायमच्या ठेवल्यात तरी चालेल.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबा आले. "ताईला का? दे, एक ओळ लिहितो," म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचेना. मी कागद असा दुमडला की त्यांना फक्त खालची मोकळी जागा दिसावी, आणि त्यावर बोट दाबून धरलं. त्यांनी वरचं वाचलेलं नाही. खालचं अक्षर त्यांचं आहे.

ताई, डोळ्याला जप. त्या दिवशी मला झोपच लागली होती. पोरीने वर काही वेगळं लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नकोस, तिला माझी बाजू सावरायची खोड आहे.
तुझा धाकटा